ही मगर खरी आहे का?

मगरीच्या खंदकापाशी हा प्रश्न रोज ऐकू येतो. विचारणारा कधी पहिलीतला पोरगा असतो, कधी त्याचे वडील. मगर काठावर उन्हात पसरलेली असते. जबडा उघडा, डोळे उघडे, आणि हालचाल म्हणाल तर काही नाही. दोन मिनिटं वाट पाहून लोक आपसात ठरवून टाकतात की ही प्लास्टिकची असणार. मग खात्री करून घ्यायला कुणीतरी खडा उचलतं. खडा नसला तर नाणं, शेंगांची टरफलं, पाण्याची अर्धी बाटली. माझं काम पुष्कळदा त्या वर गेलेल्या हातापाशी सुरू होतं. तो हात खाली यायच्या आत बोलायला मला जेमतेम एक वाक्य मिळतं.

"मारू नका" हे ते वाक्य नसतं. पोराबाळांसमोर बापाला टोकलं की तो ओशाळतो, चिडतो आणि पुढच्या खंदकाशी जाऊन तेच करतो. कायद्याचा धाकही त्या क्षणी उपयोगी पडत नाही. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला त्रास देणं, डिवचणं, खायला टाकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तशी पाटी तिथेच लावलेली असते आणि हात पाटीच्या शेजारूनच वर गेलेला असतो. मी म्हणते, "दादा, तिच्या गळ्याकडे बघा." जबड्याच्या खाली, जिथे कातडी सैल पडते, तिथे थोड्या थोड्या वेळाने हलकीशी धडधड होते. लांबून, चालता चालता ती दिसत नाही. कठड्याला पोट टेकवून, नजर एका जागी ठेवून उभं राहावं लागतं. दादा बघतात, पोरगा बघतो, शेजारचे चारजण बघायला लागतात. बराच वेळ काही होत नाही आणि मग गळा हलतो. "हलला! हलला!" असा गलका होतो. खडा हातातच राहतो.

आता त्यांना पुढचं ऐकायचं असतं. मगरीचं रक्त आपल्यासारखं एका तापमानाला टिकत नाही, म्हणून ती उन्हात येऊन पडते, आणि अंग फार तापलं की जबडा उघडून उष्णता बाहेर टाकते. तो उघडा जबडा कुणाला खायला उघडलेला नसतो. याच जबड्यात मादी अंड्यांतून निघालेली पिल्लं अलगद धरून पाण्यापर्यंत नेते. पिल्लं अंड्यातून आवाज देतात आणि ती ऐकून वाळू उकरते. अंडी किती उबेत राहिली त्यावर नर होणार की मादी हे ठरतं. एवढं सांगून होईपर्यंत मघाचे दादाच मागून येणाऱ्या पोरांना दटावत असतात, "ए, खडे नका मारू, जिवंत आहे ती."

पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात येणाऱ्या लोकांसाठी मी कार्यक्रम घेते. शाळांच्या सहली, मे महिन्यातली शिबिरं, ऑक्टोबरमधला वन्यजीव सप्ताह, नागपंचमीच्या आधीची सापांवरची भाषणं, आणि एरवी रविवारच्या गर्दीत जिथे चारजण थांबतील तिथे उभं राहून बोलणं. प्राणिशास्त्र शिकून आले तेव्हा हे काम म्हणजे माहिती सांगणं असं मला वाटत होतं. माहिती फलकावर असते, आता तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्येही असते. लोकांकडे नसतो तो वेळ. वाघ बघितला, सिंह बघितला, हत्ती बघितला, चला आता भेळ खाऊ, असं पळतपळत सगळं उरकलं जातं. पळणाऱ्या माणसाला एका जनावरासमोर थोडा जास्त वेळ उभं करायचं, एवढंच माझं काम आहे असं मी आता मानते. तो थांबला की बाकीचं जनावर स्वतःच करतं.

वयस्कर पुणेकरांना या जागेबद्दल एक तक्रार असते. पेशवे पार्कात वाघ हाताच्या अंतरावर दिसायचा, इथे शोधावा लागतो. पेशवे पार्क १९५३ साली सारसबागेच्या शेजारी सुरू झालं. शहराच्या ऐन मध्यात जागा ती केवढी, पिंजरे ते केवढे. १९९९ मध्ये तिथले प्राणी कात्रजला आले. इथे सर्पोद्यान आधीपासून होतं, नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेलं. आता तळ्यासकट सुमारे १३० एकर जागा आहे आणि वाघाला झाडाआड जाऊन झोपता येतं. तक्रार करणाऱ्या आजोबांना मी म्हणते, "बाबा, दिसत नाही म्हणजे तो बरा आहे." काहींना पटतं. काही जण कठड्याशी बसकण मारतात आणि नातवाला सांगायला लागतात की पेशवे पार्कातला वाघ पिंजऱ्यात कसा येरझाऱ्या घालायचा. तेव्हा त्यांना ती गंमत वाटली होती. आता सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

अस्वलापाशी असंच होतं. खेड्यातून आलेली साठीच्या पुढची माणसं तिथे हमखास दरवेशाची आठवण काढतात. नाकात वेसण घातलेलं अस्वल दारोदार यायचं, उभं राहून नाचायचं, त्याचा केस ताईतात घालून पोरांच्या गळ्यात बांधायचे. तो धंदा कायद्याने आणि अस्वलवाल्यांना दुसरी उपजीविका मिळाल्याने थांबला, शेवटची नाचणारी अस्वलं २००९च्या सुमारास सुटली. मी त्या आठवणींना नावं ठेवत नाही. त्यांनी लहानपणी पाहिलं ते प्रेमानेच पाहिलेलं असतं. मी फक्त विचारते, "आजी, त्याचं तोंड जवळून पाहिलं होतं का?" मग आपल्या अस्वलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात हे सांगते. वारूळ फोडायचं, ओठ नळीसारखे पुढे काढायचे आणि त्या फटीतून वाळवी फुर्रकन ओढून घ्यायची, यासाठी ते तोंड घडलेलं आहे. हा आवाज मुलांकडून काढून घेते. मुलांसोबत आज्याही काढतात.

पण माझा खरा जीव सर्पोद्यानात आहे. याला कारण आहे. इथून घरी गेल्यावर कुणाला वाघ भेटणार नाही. गवा, हत्तीही बहुतेकांना आयुष्यात पुन्हा दिसणार नाहीत. साप मात्र भेटणार. गोठ्यात, सरपणाच्या ढिगात, न्हाणीच्या मोरीत, अंथरुणात. पुण्याच्या कडेला डोंगर पोखरून उभ्या राहिलेल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्येसुद्धा. वाघापुढचं माझं बोलणं विसरलं गेलं तर फारसं बिघडत नाही. इथलं बोलणं विसरलं गेलं तर जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडे माणसं मरतात ती मुख्यतः चार सापांमुळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, शाळेच्या पुस्तकात असतं. समोर साप आला की मात्र गडबड होते. घोणशीला लोक अजगराचं पिल्लू समजतात आणि हातात घेतात. अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, त्रिकोणी डोकं आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार, हे मी काचेसमोर मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेते. कवड्या बिनविषारी असतो, पण त्याला मण्यार समजून ठेचतात. त्याच्या अंगावरचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट असतं. डोक्याकडचा भाग जवळजवळ नुसता काळा आणि शेपटीकडे पट्टे ठळक. दोघांच्या काचा जवळ असल्या तर मुलं इकडून तिकडे धावतात, भांडतात, पैजा लावतात. असं भांडण झालं की धडा पक्का होतो.

एकदा जेजुरी करून परतणाऱ्या बचत गटाच्या बायका आल्या. पाय दुखत होते, भंडारा अजून कपाळावर होता, बस अर्ध्या तासात निघणार होती. त्यांना मोर आणि हत्ती बघायचे होते. मण्यारीच्या काचेपाशी त्या दोन क्षण रेंगाळल्या आणि एकजण हळूच म्हणाली, "एवढीशी?" मी म्हटलं, "मावशी, एवढीशीच. दिवसा मवाळ, कुणाच्या वाटेला जात नाही. रात्री उंदीर, दुसरे साप शोधत घरात येते. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात तिच्या अंगावर पडला तर चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज येत नाही. माणूस झोपेतून जागासुद्धा होत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं."

"पोटात?" तिने विचारलं.

"हो. पोटात कळ येते, घसा धरतो, थुंकी गिळता येत नाही, पापण्या वर उचलत नाहीत."

ती बाई काचेकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, तिच्या जावेचं असंच झालं होतं. पावसाळ्याचे दिवस, घर गळत होतं म्हणून सगळे खाली एका कोपऱ्यात झोपलेले. पहाटे पोटात दुखतंय म्हणाली म्हणून ओवा दिला, पोट शेकलं. डोळे मिटायला लागले तेव्हा बाहेरचं काही असेल म्हणून देवळात नेऊन बसवलं. दिवस वर यायच्या आत गेली. सापाचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण साप कुणी पाहिला नव्हता आणि अंगावर खूण नव्हती.

त्या बायका मग हत्तीकडे गेल्या नाहीत. बसवाला हॉर्न वाजवत होता तरी त्या खाली बसल्या आणि एकेक विचारायला लागल्या. दंशावर चिरा द्यायचा का? नाही. तोंडाने ओढून काढायचं का? नाही. घट्ट दोरी बांधायची का? नाही, त्याने रक्त अडतं आणि हात किंवा पाय गमवावा लागतो. मग करायचं काय? चावलेला हात किंवा पाय हलवायचा नाही, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीला धरून ठेवायचा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढायचे, कारण सूज आली की ते रुततात. १०८ ला फोन लावायचा आणि ज्या दवाखान्यात प्रतिसर्पविष मिळतं तिथे सरळ जायचं. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिसर्पविष या चारही सापांवर चालतं, आणि साप शोधण्यात वेळ जातो तो जातोच, शोधणाऱ्यालाही चावायची भीती असते. पहाटे पोटात दुखून पापण्या जड होत असतील तर खूण दिसो न दिसो, डॉक्टरांना "साप चावला असेल का?" हे आपणच विचारायचं. आणि पावसाळ्यात शक्यतो खाटेवर झोपायचं, मच्छरदाणी गादीखाली खोचायची, रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्यायची.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्यात हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे. आराखडे हवेतच. तो आकडा खाली यायचा तर पोटात दुखतंय म्हटल्यावर ओव्याच्या डब्याकडे जाणारा हात एक क्षण थांबायला हवा, आणि ते सांगायला प्राणिसंग्रहालयातल्या मण्यारीच्या काचेइतकी चांगली जागा मला माहीत नाही. चित्र दाखवून हे सांगता येतं, मी शाळांमध्ये जाऊन सांगतेही. पण जिवंत मण्यार समोर वेटोळं करून पडलेली असताना "एवढीशी?" हा जो उद्गार निघतो, तो चित्रापुढे निघत नाही.

मुलांना हे सांगताना मी प्रतिसर्पविष कसं बनतं तेही सांगते, कारण त्यांना ते गोष्टीसारखं आवडतं. सापाचं विष काढतात, घोड्याला अगदी थोडं थोडं टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याचा प्रतिकार तयार होतो आणि तो वेगळा काढून औषध होतं. परळच्या हाफकिनमध्ये हे काम चालत आलं आहे. म्हणजे माणूस वाचतो तो सापाच्याच विषामुळे, आणि मधे घोडा. यावर एका पोराने विचारलं होतं, "मग घोड्याला थँक्यू कोण म्हणतं?" मी त्याला म्हटलं, आपण म्हणू. सगळ्या वर्गाने म्हटलं.

नागपंचमीच्या आधीचा आठवडा नाजूक असतो. नागाला दूध पाजू नका, तो सस्तन प्राणी नाही, दूध त्याचं अन्न नाही, तहानेने मरायला आलेला असल्यावर तो पितो आणि मग आजारी पडतो, हे सगळं खरं आहे आणि ते सांगायचंच असतं. पण सांगणाऱ्याच्या तोंडावर "तुम्ही अडाणी" असा भाव आला की समोरची आजी ऐकायचं बंद करते. तिच्या मनात नागाबद्दल भीती आहे तशीच भक्ती आहे, आणि ती भक्ती आमच्या बाजूची आहे हे आम्ही शिकलेले लोक विसरतो. त्या दिवशी जमीन नांगरायची नाही, विळी-सुरी धरायची नाही, असं पाळणारी बाई सापाच्या बाजूनेच उभी असते. बत्तीस शिराळ्याला जिवंत नाग मिरवायचं न्यायालयाच्या आदेशाने थांबलं, पण पूजा थांबली नाही, प्रतिमेची होतेच. मी आज्यांना विचारते, "वारुळापाशी दूध ठेवता, ठीक. पण वर्षभर घरात साप निघाला की काय करता?" तिथून बोलणं सर्पमित्राच्या फोन नंबरवर येतं आणि तो नंबर त्या पदराच्या टोकाला बांधून नेतात.

बिबट्यापाशी मात्र मी जपून बोलते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांतल्या शाळा सहलीला येतात तेव्हा त्या मुलांना बिबट्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. उसात त्याची पिल्लं निघालेली त्यांनी पाहिलेली असतात, कुणाच्या घरचं कुत्रं गेलेलं असतं, कुणाच्या वाडीवरचं लेकरू. अशा मुलांना "बिबट्या किती देखणा आहे, त्याचं आपण रक्षण केलं पाहिजे" हे वाक्य ऐकवायचा मला हक्क नाही, असं माझं ठाम मत आहे. देखणा आहे हे त्यांना दिसतंच. मी त्यांनाच बोलायला लावते. तुमच्याकडे कुठे दिसला, किती वाजता, काय करत होता? हात भराभर वर येतात. शहरातल्या मुलांबरोबर एकत्र गट असला तर शहरातली मुलं तोंड उघडं टाकून ऐकतात. मग हळूहळू बाकीचं येतं. ऊस आल्यापासून त्याला वर्षभर लपायला जागा मिळाली, पाणी मिळालं, डुकरं, कुत्री मिळाली, तिथेच जन्मलेल्या बिबट्याला जंगल ठाऊकच नाही. तोडणीच्या वेळी पिल्लं सापडली तर ती उचलून घरी आणायची नाहीत. वनखात्याची माणसं ती रात्री त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि बहुतेकदा आई येऊन घेऊन जाते. ती नेईपर्यंत त्या बाजूला जायचं नाही. अंधारात एकट्याने परसाकडे जायचं नाही, जाताना मोठ्याने बोलायचं, गाणं लावायचं, शेळ्या बंद गोठ्यात बांधायच्या.

शेवटी आजोबाची गोष्ट. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या २००९ मध्ये बाहेर काढला, अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात कॉलर घातली आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून तो चालत निघाला, रस्ते, रेल्वेचे रूळ, वस्त्या ओलांडत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत त्याने एकाही माणसाला हात लावल्याची नोंद नाही. पुढे २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला. त्याच्यावर 'आजोबा' नावाचा मराठी सिनेमाही निघाला. ही गोष्ट ऐकून शिरूरकडची एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडचा असा नाहीये." मी म्हटलं, "असेल. तुझं खरं असेल." दोन्ही खरं आहे, आणि ज्यांच्या घरामागे ऊस आहे त्यांनाच ते एकत्र घेऊन जगायचं आहे. मुख्य म्हणजे ऐकायचं, एवढं मी तिथे शिकले.

"त्याला जेलमध्ये का ठेवलंय?" हा प्रश्न तर येतोच, आणि लहान मुलंच विचारतात. मोठी माणसं तो मनात ठेवतात. मी उत्तर टाळत नाही. इथले काही प्राणी जखमी होऊन, आईपासून तुटून, कुणाच्या घरात बेकायदा पाळलेले सापडून आलेत, ते बाहेर जगू शकत नाहीत. काही प्राणिसंग्रहालयातच जन्मले, त्यांना शिकार माहीत नाही. आणि काही इथे आहेत ते तुम्ही बघावं म्हणून. हे तिसरं कारण मी आवर्जून सांगते, कारण ते खरं आहे आणि त्याची किंमत ते जनावर मोजतंय. तुम्ही पाच सेकंद बघून फोटो काढून निघून गेलात तर त्याचं इथे असणं वाया गेलं. मुलांना हे लगेच कळतं. एखादं पोरगं मग परत मागे जाऊन नुसतं उभं राहतं.

पुण्यातल्या एका अंधशाळेच्या मुली आल्या होत्या, त्यांचं इथे सांगायला हवं. त्यांच्यासाठी आम्ही टेबलावर वस्तू मांडल्या. सांबराचं गळलेलं शिंग, साळिंदराचे काटे, मोराची पिसं, हत्तीची वाळलेली लीद, सापाची कात. लिदीत बोटं घालून त्यांनी न पचलेल्या गवताच्या काड्या वेगळ्या केल्या आणि हत्ती किती खातो आणि त्यातलं किती वाया जातं यावर हसून हसून बोलल्या. एका मुलीने कात मात्र सोडली नाही. धामणीची होती, अखंड, शेपटीपासून तोंडापर्यंत. पोटाकडचे रुंद आडवे खवले आणि पाठीवरचे बारीक खवले तिने बोटांनी ओळखून वेगळे सांगितले. मग डोक्यापाशी येऊन थांबली. "ताई, इथे गोल टोपीसारखं काहीतरी आहे. दोन्ही बाजूंना." सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघतो. डोळस मुलांच्या हातात मी कितीतरी वेळा कात दिली आहे. ती लांबी मोजतात, गळ्यात घालतात, "ई" करतात. तो खवला स्वतःहून शोधणारी ती पहिली. तिला सांगितलं तेव्हा तिने मैत्रिणींची बोटं धरून एकेकीला त्या जागेवर टेकवली. त्यांचा सगळा वेळ त्या टेबलापाशीच गेला आणि बाई काही घाई करत नव्हत्या.

आमच्या कामात ज्यांचं नाव कुठे येत नाही ते प्राण्यांचे कीपर. जनावर आज का रुसलंय, कुणाच्या पावलांचा आवाज ओळखतं, मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातला एक दिवस उपास का असतो, हे त्यांच्याकडून ऐकावं. मी जमेल तेव्हा त्यांना गटासमोर उभं करते. सुरुवातीला लाजतात. मग आपल्या भाषेत सुरू होतात आणि माझं बोलणं फिकं पडतं. वन्यजीवांवर कार्यक्रम घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं.

शिक्षकांना एक विनंती आहे. सहलीत प्रतापगड, महाबळेश्वर आणि कात्रज एका दिवसात बसवू नका. मुलं इथे पोचतात तेव्हा दमलेली, उन्हाने तापलेली असतात आणि प्राणीही त्या वेळी सावलीला झोपलेले असतात. सकाळी या. फलकावरचं वहीत उतरवून घ्यायला लावू नका, त्यात मुलांच्या माना खाली राहतात. सगळं दाखवायचा अट्टहास सोडा, तीन प्राणी निवडा आणि प्रत्येकापाशी मुलांना बसू द्या, त्यातला एक साप असू द्या. आणि येण्याआधी कळवा, म्हणजे कुणीतरी सोबत फिरायला येईल. बुधवारी आपलं प्राणिसंग्रहालय बंद असतं, बाकी कुठलाही दिवस चालेल.